नवीन गाडी घेताना इन्शुरन्स कुठला घ्यायचा? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

गाडी बुक करताना रंग, मायलेज, टचस्क्रीन, बूट स्पेस सगळं आपण महिनाभर बघतो, दहा व्हिडिओ बघतो, आणि इन्शुरन्सचा कागद मात्र डिलिव्हरीच्या गडबडीत शोरूमवाला जिथे बोट ठेवेल तिथे सही करून मोकळे होतो. पुढे अपघात झाला की तोच कागद शोधत बसायला लागतं. म्हणून हे प्रश्न एका ठिकाणी लिहिलेत. हे सगळं घरच्या वापराच्या, पांढऱ्या नंबरप्लेटच्या चारचाकीबद्दल आहे, टॅक्सी आणि टेम्पोचे नियम वेगळे असतात.

कायद्याने नक्की कुठला इन्शुरन्स लागतो?

फक्त थर्ड पार्टी. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १४६. रस्त्यावर गाडी आणायची तर तुमच्या गाडीमुळे दुसऱ्या कोणाचं नुकसान झालं तर ते भरून देणारी पॉलिसी पाहिजेच, त्याशिवाय नवीन गाडीचं पासिंगही होत नाही. तुमच्या स्वतःच्या गाडीच्या डेंटिंग पेंटिंगशी कायद्याला काही देणंघेणं नाही, तो भाग तुमच्या मर्जीचा. याशिवाय मालकाचा स्वतःचा अपघात विमा म्हणून एक गोष्ट आहे, ती पण घ्यावी लागते, तिच्याबद्दल खाली सांगतो.

थर्ड पार्टीत पैसे कोणाला मिळतात? मला तर काहीच मिळत नाही ना?

बरोबर, तुम्हाला काही मिळत नाही, पण म्हणून ते पैसे वाया गेले असं समजू नका, कारण सगळ्या पॉलिसीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच आहे आणि लोक नेमका यालाच नाव ठेवतात.

समजा तुमच्या गाडीची धडक बसून एखाद्या बाइकवाल्याचा मृत्यू झाला. त्याच्या घरचे मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जातात. तिथे त्याचं वय किती, कमाई किती, त्याच्यावर अवलंबून कोण कोण होतं हे बघून भरपाई ठरते, आणि तिशी-पस्तिशीतला कमावता माणूस असेल तर हा आकडा आरामात लाखांत जातो, चांगली नोकरी असेल तर कोटीच्या आसपासही. मृत्यू किंवा जखमेसाठी थर्ड पार्टीत विमा कंपनीच्या जबाबदारीला आकड्याची मर्यादा नाही, न्यायाधिकरण जे ठरवेल ते कंपनी भरते. दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान (त्याची गाडी, दुकानाचं शटर, कंपाउंडची भिंत) मात्र साडेसात लाखांपर्यंतच. ही मालमत्तेची मर्यादा ६,००० रुपयांवर आणून प्रीमियममध्ये थोडी सूट घ्यायचा पर्याय असतो, तो घेऊ नका, सूट किरकोळ असते आणि आजकाल नुसता एक हेडलॅम्प ६,००० त येत नाही.

पॉलिसी नसेल तर हीच भरपाई मालकाच्या खिशातून, आणि नाही भरली तर मालमत्तेवर जप्ती. आणि दुसरी बाजू पण बघा, ज्याच्या घरातला माणूस गेला त्याला मालकाच्या मागे वर्षानुवर्षं फिरायला लागतं, मालकाकडे पैसेच नसतील तर हातात काहीच पडत नाही. मला तरी थर्ड पार्टी भरायला हे एकच कारण पुरेसं वाटतं, पोलिसांच्या दंडाची भीती नंतरची.

नवीन गाडीची पॉलिसी तीन वर्षांची असते म्हणतात, मग दरवर्षी रिन्यू कशाला?

इथे खूप लोकांची गफलत होते म्हणून नीट वाचा. सुप्रीम कोर्टाच्या आदेशावरून १ सप्टेंबर २०१८ पासून नवीन कारला थर्ड पार्टी तीन वर्षांची एकदम घ्यावी लागते (टूव्हीलरला पाच वर्षांची). पण ओन डॅमेज, म्हणजे तुमच्या स्वतःच्या गाडीचं नुकसान, हा भाग शोरूममधून निघताना साधारणपणे एकच वर्षाचा असतो. कागद एकच, त्यावर तारखा दोन. लोक तीन वर्षांची तारीख बघतात आणि निवांत राहतात, दुसऱ्या वर्षी गाडी ठोकली की कळतं की ओन डॅमेज कधीच संपलाय आणि फक्त थर्ड पार्टी चालू आहे. म्हणून पॉलिसी हातात आली की दोन्ही तारखा मोबाइलमध्ये रिमाइंडर लावून ठेवा.

आणि दुसऱ्या वर्षी ओन डॅमेज त्याच कंपनीचा घ्यायला पाहिजे असं अजिबात नाही. थर्ड पार्टी एका कंपनीची आणि ओन डॅमेज दुसऱ्या कंपनीचा असं चालतं, सप्टेंबर २०१९ पासून नुसता ओन डॅमेज वेगळा मिळतो.

थर्ड पार्टी सगळ्यात स्वस्त कुठल्या कंपनीत?

सगळीकडे सारखीच. हा दर सरकार ठरवतं, कंपनी नाही. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांप्रमाणे नवीन कारची तीन वर्षांची थर्ड पार्टी १००० सीसीपर्यंत ६,५२१ रुपये, १००० ते १५०० सीसी १०,६४० रुपये आणि १५०० सीसीच्या वर २४,५९६ रुपये, वर १८ टक्के जीएसटी. वर्षाची एकेकटी घेतली (जुन्या गाडीला) तर २,०९४, ३,४१६ आणि ७,८९७. इलेक्ट्रिक गाडीला १५ टक्के सूट आहे, हायब्रिडला साडेसात टक्के. दर सरकार अधूनमधून बदलतं त्यामुळे गाडी घेताना चालू दर एकदा बघून घ्या.

याचा अर्थ असा की कोटेशनमध्ये जो फरक पडतो तो सगळा ओन डॅमेज आणि अ‍ॅड-ऑनमध्ये. (अ‍ॅड-ऑन म्हणजे जादा पैसे भरून पॉलिसीला जोडायचं जादा संरक्षण.) घासाघीस तिथेच करायची.

शोरूमवाला म्हणतो इन्शुरन्स आमच्याकडूनच घ्यायला लागेल, नाहीतर डिस्काउंट नाही / डिलिव्हरी लेट / कॅशलेस मिळणार नाही. खरं का?

जबरदस्ती करता येत नाही. डीलरने इन्शुरन्स विकायचे आयआरडीएआयचे (विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) नियम २०१७ पासून आहेत आणि विमा कुठून घ्यायचा हे गिऱ्हाइकाने ठरवायचं असतं. कॅशलेसचं (गॅरेजचं बिल कंपनी परस्पर भरते ते) म्हणाल तर ते विमा कंपनी आणि वर्कशॉप यांच्या टायअपवर असतं, पॉलिसी कोणी विकली त्यावर नाही. तुम्हाला ज्या वर्कशॉपमध्ये काम करायचंय ते कंपनीच्या नेटवर्क लिस्टमध्ये आहे का एवढं कंपनीच्या वेबसाइटवर बघा.

डिस्काउंटचं मात्र प्रत्यक्षात होतं तसं, इन्शुरन्स बाहेरून घेतला की सेल्समन म्हणतो मग दहा हजारांची ऑफर जाईल. अशावेळी भांडण्यापेक्षा त्याच्याकडून इन्शुरन्सचं कोटेशन वेगळं, लेखी, एकेक ओळ फोडून मागा. "ऑन रोड" मध्ये नुसतं "इन्शुरन्स ४२,०००" असं लिहून देतात तसं चालणार नाही. त्यात पहिली ओळ आयडीव्ही (गाडी गेली तर जास्तीत जास्त मिळणारी रक्कम, खाली सांगितलंय) किती. दुसरी ओन डॅमेजचा बेसिक प्रीमियम आणि त्यावर डिस्काउंट किती टक्के. मग अ‍ॅड-ऑन, प्रत्येकाची किंमत वेगळी. मग थर्ड पार्टी, ही १२०० सीसीच्या आसपासच्या गाडीला वरच्या दराने १०,६४० च असायला पाहिजे, जीएसटी धरून १२,५५५, एक रुपया इकडे तिकडे नाही. मग मालकाचा अपघात विमा. शेवटी जीएसटी. आता त्याच आयडीव्हीवर आणि त्याच अ‍ॅड-ऑनवर ऑनलाइन दोन तीन कंपन्यांचे रेट काढा आणि त्याच्या समोर ठेवा. बऱ्याचदा ओन डॅमेजवरचा डिस्काउंट लगेच वाढतो आणि रेट जवळपास येतो. नाही आला तर बाहेरून घ्या, पॉलिसीची पीडीएफ पासिंगच्या आधी शोरूमला द्या, काम होतं. चेसिस नंबर आणि इंजिन नंबर मात्र शोरूमकडूनच मिळणार, ते आधी मागून ठेवा, नाहीतर आयत्या वेळी धावपळ होते.

सीपीए म्हणजे काय, ते का लावलंय?

मालक-चालकाचा वैयक्तिक अपघात विमा, १५ लाखांचा. गाडी चालवताना मालकाचा मृत्यू झाला किंवा कायमचं अपंगत्व आलं तर हे पैसे. थर्ड पार्टीत मालक स्वतः येत नाही म्हणून हा वेगळा ठेवलाय. तुमच्याकडे आधीच १५ लाखांचा अपघात विमा असेल, किंवा दुसऱ्या गाडीवर सीपीए घेतलेला असेल, तर परत घ्यायला लागत नाही, तसं लिहून द्यायचं. दोन गाड्या असलेल्या घरात दोन्हीवर पैसे भरलेले बरेच दिसतात. गाडी कंपनीच्या किंवा फर्मच्या नावावर असेल तर हा लागू होत नाही. आणि मालकाकडे लायसन्सच नसेल (आईच्या नावावर गाडी, चालवतो मुलगा) तर या विम्याचा उपयोग नाही, मुलाचा अपघात विमा वेगळा काढा.

मग नुसता थर्ड पार्टी घेऊ का फर्स्ट पार्टी?

आपल्याकडे "फर्स्ट पार्टी" किंवा "फुल इन्शुरन्स" म्हणतात तो म्हणजे थर्ड पार्टी अधिक ओन डॅमेज. नवीन गाडी असेल तर घ्याच, आणि लोनवर असेल तर बँक सोडतच नाही. चोरी, आग, पूर, भूकंप, दरड, दंगल, झाड पडणं, आपली आपण ठोकणं हे सगळं ओन डॅमेजमध्ये येतं.

जुन्या गाडीला माझं मत असं की गाडी उद्या चोरीला गेली तर तो फटका खिशातून सोसता येईल का हे बघा. दीड लाखाच्या गाडीला ओन डॅमेज नाही घेतला तरी संसार कोलमडत नाही. पण थर्ड पार्टी तेव्हाही पूर्ण पाहिजे, कारण समोरच्याला लागायचं ते तुमची गाडी जुनी आहे म्हणून कमी लागत नाही.

आयडीव्ही कमी केला की प्रीमियम कमी येतो, करू का?

नका करू. आयडीव्ही म्हणजे गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण खलास झाली तर जास्तीत जास्त मिळणारी रक्कम. नवीन गाडीला एक्स-शोरूममधून ५ टक्के वजा, म्हणजे ८ लाखाच्या गाडीला ७ लाख ६० हजार. सहा महिने ते एक वर्ष १५ टक्के, मग दुसऱ्या वर्षाला २०, तिसऱ्याला ३०, चौथ्याला ४०, पाचव्याला ५० टक्के घसारा. ऑनलाइन साइटवर सगळ्यात स्वस्त प्लॅन वर दिसतो त्यात बऱ्याचदा आयडीव्ही खाली ओढलेला असतो, हजार बाराशे वाचतात आणि गाडी गेली तर पन्नास साठ हजार कमी हातात येतात.

आणखी एक, दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला की कंपनी गाडी टोटल लॉस धरते. लोन चालू असेल तर ते पैसे आधी बँकेत जातात, उरले तर तुम्हाला. सुरुवातीच्या वर्षांत लोन जास्त आणि आयडीव्ही कमी अशी वेळ येऊ शकते, त्यासाठी रिटर्न टू इनव्हॉइस नावाचं अ‍ॅड-ऑन असतं, त्यात बिलाची किंमत मिळते. मोठं लोन असेल तर पहिली दोन तीन वर्षं घ्यायला हरकत नाही.

झिरो डेप, इंजिन प्रोटेक्ट, कन्झ्युमेबल... कुठले अ‍ॅड-ऑन खरंच कामाचे?

झिरो डेप नवीन गाडीला घ्या. साध्या पॉलिसीत क्लेमच्या वेळी पार्टच्या किमतीतून घसारा कापतात, प्लास्टिक, रबर, नायलॉन, टायर, बॅटरी यांना सरळ ५० टक्के, फायबरला ३० टक्के, काचेला काही कापत नाहीत. आताच्या गाडीचा पुढचा सगळा भाग प्लास्टिकचा. समजा बंपर १२,००० चा, तर ६,००० तुमचे, ग्रिल ४,००० ची तर २,००० तुमचे, रंगाच्या मटेरियलचे अर्धे तुमचे, आणि वर कंपल्सरी डिडक्टिबल (क्लेममध्ये तुम्ही स्वतः भरायची ठरलेली रक्कम) म्हणून १५०० सीसीपर्यंत १,००० रुपये, त्याच्या वर २,०००. झिरो डेप असेल तर हा डिडक्टिबल सोडून बाकीचं कंपनी देते. वर्षात किती क्लेमना चालेल ते वाचा, पुष्कळ कंपन्यांत दोनच. पाच वर्षांच्या पुढच्या गाडीला हे मिळणं अवघड होत जातं. लोक याला "बंपर टू बंपर" म्हणतात त्यामुळे सगळंच फुकट होईल असं वाटतं, तसं नाही, इंजिनात पाणी गेलेलं यात येत नाही.

आता इंजिन प्रोटेक्ट. महाराष्ट्रात राहणाऱ्यांनी हे गंभीरपणे घ्यावं. २६ जुलै २००५ ची मुंबई, ऑगस्ट २०१९ चं कोल्हापूर-सांगली, जुलै २०२१ चं चिपळूण, आपण सगळ्यांनी छतापर्यंत बुडालेल्या गाड्या बघितल्यात. पुराचं नुकसान ओन डॅमेजमध्ये येतं हे खरं, पण पाण्यात असताना किंवा पाणी उतरल्यावर कोणी सेल्फ मारला, इंजिनात पाणी खेचलं गेलं आणि कनेक्टिंग रॉड वाकला, तर कंपनी म्हणते हे पुरामुळे नाही, सुरू करण्यामुळे झालं. हे नुकसान साध्या पॉलिसीत नाकारतात आणि इंजिनचं काम लाखाच्या घरात जातं. बेसमेंट पार्किंग, नदीकाठ, मुंबईतला सखल भाग, कोकण, इथे राहत असाल तर हे अ‍ॅड-ऑन घ्याच. आणि घेतलं असलं तरी भिजलेली गाडी चालू करू नका, सेल्फ मारून बघतो एकदा असं म्हणूच नका. जमलं तर बॅटरीची वायर काढा, फोटो काढा, कंपनीला कळवा, टोइंग बोलवा.

रोडसाइड असिस्टन्स बऱ्याचदा गाडी कंपनीच देते, तपासा मग घ्या, उगाच डबल होतं. कन्झ्युमेबल (ऑइल, नट-बोल्ट असा दुरुस्तीतला किरकोळ खर्च) स्वस्त असेल तर ठीक. चावी हरवण्याचं, सामानाचं वगैरे मला तरी गरजेचं वाटत नाही. गाडी महिन्यातून दोनदाच काढत असाल तर किलोमीटरप्रमाणे प्रीमियमवाले प्लॅन आलेत २०२२ पासून, ते बघा.

बाहेरून सीएनजी किट बसवणार आहे, सांगायला लागतं का?

हो, दोन ठिकाणी. आरसी बुकवर नोंद आणि पॉलिसीवर नोंद. जुन्या टॅरिफप्रमाणे किटच्या किमतीच्या ४ टक्के ओन डॅमेजमध्ये आणि ६० रुपये थर्ड पार्टीत वाढतात, म्हणजे खर्च फार नाही. नोंद नसेल आणि गाडीला आग लागली तर क्लेमवर मोठं प्रश्नचिन्ह.

जुनी गाडी विकून नवीन घेतोय, जुन्या गाडीचा नो क्लेम बोनस जातो का?

जात नाही, तो गाडीचा नसतो, तुमचा असतो. क्लेम न केलेल्या वर्षांप्रमाणे २०, २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्के सूट, पण फक्त ओन डॅमेजच्या प्रीमियमवर. जुनी गाडी विकली की जुन्या कंपनीकडून एनसीबी (नो क्लेम बोनस) रिटेन्शन लेटर घ्या, ते तीन वर्षं चालतं, आणि नवीन गाडीच्या ओन डॅमेजवर लावून घ्या. नवीन गाडीचा ओन डॅमेज मोठा असतो त्यामुळे ५० टक्के म्हणजे चांगले हजारो रुपये वाचतात. शोरूममध्ये हे स्वतःहून कोणी विचारेलच असं नाही, तुम्हीच आठवण करा. खोटा एनसीबी मात्र सांगू नका, क्लेमच्या वेळी जुन्या कंपनीकडून खात्री करतात आणि क्लेम अडकतो.

सेकंडहँड गाडी घेतली, पॉलिसी आधीच्या मालकाच्या नावावर चालू आहे. चालेल ना?

थर्ड पार्टी कायद्याने (कलम १५७) गाडीबरोबर नवीन मालकाकडे येते, पण १४ दिवसांत कंपनीला कळवून नावावर करून घ्यायची. ओन डॅमेज आपोआप येत नाही. म्हणजे आरसी तुमच्या नावावर आणि पॉलिसी जुन्या मालकाच्या नावावर असताना गाडी ठोकली तर दुरुस्तीचा क्लेम हातचा जातो. आधीच्या मालकाचा एनसीबी पण तुम्हाला मिळत नाही, तो फरक भरायला लागतो.

विकणाऱ्यांनी पण ऐका, नुसतं डिलिव्हरी लेटरवर सही घेऊन गाडी देऊ नका. आरटीओच्या रेकॉर्डला नाव तुमचं असेपर्यंत अपघाताची नोटीस तुमच्या घरी येते.

गाडीत बसलेल्या पाहुण्यांना लागलं तर?

नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत खासगी गाडीत बसलेले लोक आपोआप कव्हर होत नाहीत. पॅकेज म्हणजे फुल पॉलिसीत होतात, सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्ये हा फरक स्पष्ट केलाय. लग्नाला, देवदर्शनाला सात जण भरून जाणाऱ्यांनी प्रवाशांचा अपघात विमा पण जोडून घ्यावा, खर्च अगदी थोडा.

क्लेम कशाने नाकारला जातो?

दारू पिऊन चालवली, लायसन्स नसलेल्याने चालवली, किंवा पांढऱ्या प्लेटची गाडी भाड्याने फिरवली, यात तुमच्या गाडीचा खर्च मिळत नाही. समोरच्याची भरपाई बऱ्याच वेळा कोर्ट कंपनीला आधी द्यायला लावतं आणि मग कंपनी ती तुमच्याकडून वसूल करते. अल्पवयीन मुलाच्या हातात गाडी दिली तर पालक किंवा मालकाला २५,००० दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद आहे, गाडीचं रजिस्ट्रेशन १२ महिन्यांसाठी रद्द, ते वेगळंच. दहावी झालेल्या मुलाला सोसायटीत शिकू दे म्हणून चावी देणाऱ्यांना हे कळकळीने सांगतोय.

झीज, मेकॅनिकल बिघाड, क्लच जाणं हे इन्शुरन्सचं काम नाही. पीयूसी नव्हती म्हणून क्लेम नाकारतात असं फिरत असतं, तसं नाही, आयआरडीएआयने २०२० मध्येच खुलासा केलाय. पीयूसी ठेवाच, पण क्लेमचा संबंध त्याच्याशी लावू नका.

पोलिसांनी पकडलं तर दंड किती?

इन्शुरन्स नसेल तर पहिल्यांदा २,००० रुपये किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, परत सापडला तर ४,०००. कागद सोबत नसला तरी डिजीलॉकर किंवा एमपरिवहन या सरकारी अ‍ॅपमध्ये दाखवलं तर चालतं.

पॉलिसी खरी आहे हे कसं ओळखू?

पैसे कंपनीच्याच नावाने भरा, एजंटच्या वैयक्तिक यूपीआयवर नाही. मग पॉलिसी नंबर कंपनीच्या साइटवर टाका आणि काही दिवसांनी गाडी नंबर एमपरिवहनवर टाकून इन्शुरन्सची तारीख दिसते का बघा. नाव, चेसिस नंबर, सीसी, बँकेचं नाव हे चार जागी स्पेलिंगसकट तपासा, चूक असेल तर लगेच दुरुस्त होते, क्लेमच्या वेळी निघाली तर वेळ जातो.

तारीख चुकली तर?

थर्ड पार्टीला एक दिवसाचीही सवलत नाही, संपली की गाडी रस्त्यावर आणू नका, ऑनलाइन काढा मग बाहेर पडा. ओन डॅमेज संपला तर कंपनी गाडी तपासून किंवा व्हिडिओ बघून परत देते. ९० दिवस गेले की जमवलेला सगळा एनसीबी शून्य.

क्लेम उगाच नाकारला, कुठे जायचं?

आधी कंपनीच्या तक्रार विभागाला मेल करा, फोनवर भांडून रेकॉर्ड राहत नाही. उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर आयआरडीएआयचं बीमा भरोसा पोर्टल, टोल फ्री नंबर १५५२५५. त्यानंतर विमा लोकपाल, मुंबईत आणि पुण्यात ऑफिस आहे, तिथे फी नाही आणि वकीलही लागत नाही. तिथे जाताना नकाराचं पत्र, सर्व्हेअरचा (कंपनीतर्फे नुकसान तपासायला येतो तो) रिपोर्ट, गॅरेजचं एस्टिमेट आणि अपघाताच्या जागेवर काढलेले फोटो सोबत ठेवा. सर्व्हेअरच्या रिपोर्टची कॉपी मागायला लाजू नका, मागितल्याशिवाय ती सहसा हातात पडत नाही.